एक डोळा झाकून बघा

कटंगीत बास्केटबॉल खेळतात असं मंडळात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कटंगी कुठे आली?" मग मी बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश, महाराष्ट्राच्या सीमेला लागून, असं सगळं सांगतो. आमच्याकडे शाळा हिंदी, घर मराठी, शेतावर पोवारी. भोवती धानाच्या बांध्या. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो आमच्या जिल्ह्याचा. हे सगळं सांगून झाल्यावर बास्केटबॉलचा विषय निघेपर्यंत समोरचा जेवायला गेलेला असतो.

पण खेळतात. मैदानाच्या कोपऱ्यात एक सिमेंटचं कोर्ट आहे, त्याच्या एका टोकाची रिंग सरळ, दुसरीकडची जरा झुकलेली. संध्याकाळी कॉलेजची मुलं तिथे जमतात. मी बीईला नागपुरात होतो, तरी सुट्टीत घरी आलो की चहा घ्यायच्या आधी कोर्टावर जायचो. संपादिका ताईंनी "तरुण वाचकांसाठी खेळ आणि आरोग्य असं काहीतरी लिही" म्हटलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. त्या कोर्टावर झालेली गोष्टच लिहितो.

तिसऱ्या वर्षाची दिवाळीची सुट्टी होती. रिबाउंडसाठी तिघं एकदम उडालो. चेंडू माझ्या हातात आला आणि मित्राचं बोट माझ्या उजव्या डोळ्यात गेलं. त्याचा काही दोष नव्हता, तोही चेंडूच धरायला आला होता. डोळ्यात मिरची आणि वाळू एकदम टाकावी तसं झालं. मी तळहातानं उजवा डोळा झाकून खाली बसलो. पाणी थांबेना. "पानी मार ले, दो मिनट बैठ जा," आमचा सीनियर म्हणाला. तेही बरोबरच, आम्हाला तेवढंच माहीत होतं.

दोन मिनिटं बसलो असताना मी डाव्या डोळ्यानं समोर पाहिलं. रिंगची जाळी नुसता पांढरट डाग दिसत होती. पलीकडच्या भिंतीवर कॉलेजचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. भिंत दिसत होती, रंग दिसत होता, पण अक्षरं वाचता येत नव्हती. मला वाटलं, मार दोन्ही डोळ्यांना लागला. कुणाला बोललो नाही.

घरी आजी म्हणाली, "चोळू नको रे बाप्पा, गुलाबपाणी टाक." आईनं गुलाबपाणी टाकू दिलं नाही, ते बरं झालं. पण मेडिकलच्या दुकानातून कुणीतरी ड्रॉप्स आणून दिले ते मी दोनदा टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बाबांबरोबर नागपूर. डॉक्टरांनी ती बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि काही न बोलता टेबलाच्या खणात टाकून दिली. त्यात स्टेरॉइड होतं. बुबुळावर ताजी जखम असताना, आणि ती मळक्या नखाची असताना, स्टेरॉइड टाकणं म्हणजे जंतूंना घराची किल्ली देण्यासारखं, असं त्यांनी नंतर समजावलं. आमच्या भागात तर ही भीती जास्त. कापणीच्या दिवसांत धानाची पात किंवा कोंडा डोळ्याला लागून बुबुळावर बुरशीची जखम होते आणि तिच्यावर असे ड्रॉप्स पडले की डोळा हातचा जाऊ शकतो. बांधीतून आलेला शेतकरी आणि कोर्टावरून आलेला मुलगा, दोघांना ते एकच प्रश्न विचारतात, "काय लागलं, आणि त्यावर काय टाकलं?"

मग त्यांनी डोळ्यात केशरी रंगाचा एक थेंब टाकला आणि निळ्या उजेडात पाहिलं. या रंगात बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकतो. माझा ओरखडा लांबट होता, पण वरवरचा. अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले आणि रोज येऊन दाखवायला सांगितलं. बुबुळाची वरची कातडी फार लवकर भरते, साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत बरा होतो. माझाही झाला. उजव्या डोळ्याची गोष्ट इथेच संपली.

पण ते उठले नाहीत. "आता हा झाकून डाव्या डोळ्यानं वाच," म्हणाले. वरचं एक मोठं अक्षर आलं, खालच्या ओळी नाहीत. त्यांनी वेगवेगळी भिंगं लावून पाहिली. थोडा फरक पडला, फार नाही. तक्त्यावर ६/३६ लिहिलं. म्हणजे चांगला डोळा जे ३६ मीटरवरून वाचेल, ते या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं.

"हा कधीपासून असा आहे?"

बाबा आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. मार डाव्या डोळ्याला लागलाच नव्हता. तो लहानपणापासून तसाच होता, आणि वीस वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता.

याला आळशी डोळा म्हणतात. नाव चुकीचं आहे, आळशी मेंदू असतो. लहानपणी एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल तर त्या डोळ्याकडून मेंदूला अंधूक चित्र येतं. मेंदू सोयीस्कर मार्ग काढतो, स्पष्ट चित्र घेतो आणि अंधुक सोडून देतो. डोळा तिरळा नसतो, लाल होत नाही, दुखत नाही. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला जग असंच दिसतं असं वाटतं. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून मेंदूला तो डोळा वापरायला शिकवता येतं. काहींना किशोरवयातही फायदा होतो. विसाव्या वर्षी, डॉक्टर म्हणाले, फारशी आशा धरू नकोस.

आता मला प्रश्न पडला, शाळेत डोळे तपासले नव्हते का? तपासले होते. मला तो दिवस चांगला आठवतो. वर्गाबाहेर रांग, भिंतीवर तक्ता. पुढचा मुलगा मोठ्यानं वाचायचा, मागचे आम्ही ऐकायचो. माझा नंबर येईपर्यंत तक्ता मला पाठ होता. एक डोळा झाकायला सांगितलं तेव्हा बोटांच्या फटीतून सगळीच पाहायची. मी धडाधड वाचला, पाठीवर थाप मिळाली. तपासणारे लोक मनापासून काम करत होते. त्यांच्याकडे दिवसाला एक अख्खी शाळा होती.

पुढे नोकरीत सर्व्हर सांभाळायला लागलो तेव्हा हे माझ्या भाषेत कळलं. दोन सर्व्हर असतात, एक पडला तर दुसरा उचलतो, म्हणून सगळे निवांत. आणि ज्या रात्री पहिला पडतो, त्या रात्री कळतं की दुसरा कधी चालूच नव्हता. रोज हिरवा दिवा दिसत होता, कारण तपासणी दोघांची मिळून होत होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली नेत्रतपासणी ही तशीच.

डॉक्टरांनी निघताना बाबांना सांगितलं, "याचा उजवा डोळा हा आता एकुलता एक मुलगा आहे असं समजा." हा नियमच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी खेळाडूंसाठी तो लिहून ठेवला आहे. चष्मा लावूनही ज्याचा कमजोर डोळा ६/१२ पर्यंत वाचू शकत नाही, तो खेळाच्या दृष्टीनं एका डोळ्याचा खेळाडू. त्यानं बॉक्सिंगसारखे खेळ खेळू नयेत. बास्केटबॉल खेळावा, पण संरक्षक गॉगल लावूनच, सरावातसुद्धा.

बास्केटबॉल डोळ्यांसाठी धोक्याचा, हे ऐकून माझ्यासारखं तुम्हालाही नवल वाटेल. आपण विटी-दांडूला घाबरतो, लेदर बॉलला घाबरतो. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ काढला तेव्हा खांदा मारणं, ढकलणं, धरणं यांना मनाईच होती. त्यांना धसमुसळेपणा नसलेला खेळ हवा होता. पण रिंग उंचावर, चेंडू एक आणि हात वीस. सगळे हात चेहऱ्याच्या उंचीवरून वर जातात आणि खाली येतात. एनबीएच्या खेळाडूंचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ च्या फेब्रुवारीपासून १९९३ च्या जूनपर्यंतच्या १,०९२ दुखापतींपैकी ५९ डोळ्यांच्या होत्या, म्हणजे वीसात एकीहून थोड्या जास्त. निम्म्या पापणीच्या जखमा, मग डोळ्याभोवतीची सूज, मग बुबुळावरचे ओरखडे. कारणांमध्ये पहिला नंबर बोटांचा, दुसरा कोपराचा. चेंडूची भीती वाटते, पण डोळा फोडतो तो बहुधा शेजारी उडी मारणारा. आणि त्या ५९ पैकी जवळजवळ कुणीच गॉगल लावलेला नव्हता.

कॉलेजच्या खेळातली सगळ्यात गाजलेली डोळ्याची दुखापत १९६८ ची. लू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेला खेळाडू, तेव्हा यूसीएलए विद्यापीठाकडून खेळत होता. १२ जानेवारीला कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध त्याच्या डाव्या बुबुळावर ओरखडा आला. पुढचे दोन सामने बाहेर बसला. आणि २० जानेवारीला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, पन्नास हजारांवर प्रेक्षकांसमोर, तो तसाच उतरला. १८ पैकी ४ बास्केट. यूसीएलए ७१-६९ नं हरली आणि तिची सलग ४७ विजयांची मालिका तिथे तुटली. दोन महिन्यांनी, डोळा बरा झाल्यावर, त्याच ह्यूस्टनला त्यांनी १०१-६९ नं धुतलं. मला या गोष्टीत पराभवापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९७४ मध्ये पुन्हा डोळ्याला बोट लागलं तेव्हा चिडून त्यानं बास्केटच्या खांबावर मुक्का मारला आणि हात मोडून घेतला. त्यानंतर गॉगल आला. मध्ये सहा वर्षं गेली होती. इतक्या मोठ्या खेळाडूलाही एका दुखापतीत शहाणपण आलं नाही, तर आपलं काय!

बोट लागून याहून वाईटही होतं. २००६ च्या मार्चमध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या अ‍ॅलन रे याच्या डोळ्यात सामन्याच्या शेवटी बोट गेलं आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना वाटलं डोळाच बाहेर आला. खरं तर पापणी बुबुळामागे अडकली होती. दृष्टी वाचली आणि काही दिवसांत तो पुन्हा खेळला. २०१७ मध्ये न्यूझीलंड ब्रेकर्सच्या अकील मिचेलचा डोळा मात्र खरोखर खोबणीतून बाहेर आला होता. तोही वाचला, गॉगल लावून परतला. हे व्हिडिओ शोधू नका. मी शोधले होते, जेवण गेलं नाही.

पण जे भयानक दिसतं तेच भयानक असतं असं नाही, हे मी त्या काळात शिकलो. काळानिळा सुजलेला डोळा आठवड्यात बरा होतो. उलट बाहेरून ठीक दिसणाऱ्या डोळ्याच्या आत, बुबुळामागच्या पोकळीत रक्त साचलेलं असू शकतं. आरशात नीट पाहिलं तर काळ्या भागाच्या तळाशी लाल रेघ दिसते. ते रक्त विरलं तरी डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट बिघडलेली राहू शकते आणि काही वर्षांनी काचबिंदू येतो. म्हणून असा मार लागलेल्यानं वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासायचा, आयुष्यभर. मार लागल्यावर वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके तरंगू लागले, बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं तर मागचा पडदा सुटत असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि कोपर लागून डोळ्याच्या खोबणीचं तळाचं पातळ हाड तुटलं तर तरुण मुलांत डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकतो. मुलगा ओकतो, वर पाहता येत नाही, एकाचे दोन दिसतात, पण डोळा बाहेरून पांढरा स्वच्छ. घरचे म्हणतात, डोक्याला लागलं असेल किंवा पित्त झालं असेल. इथे तासांचा हिशोब असतो.

तोवर काय करायचं? चोळायचं नाही, दाबायचं नाही, तूप-दूध-मध-गुलाबपाणी काही टाकायचं नाही, घरातले जुने ड्रॉप्स तर नाहीच. डोळा फाटल्यासारखा वाटला तर कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर न टेकवता वरून चिकटवायचा आणि निघायचं. हाड मोडल्याची शंका असेल तर नाक शिंकरायचं नाही.

मी पुन्हा खेळलो का? गॉगल आणला. नागपुरात शोधून शोधून मिळाला, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा, मागे पट्टा असलेला. साधा चष्मा लावून खेळणं तर त्याहून वाईट, काच फुटली की तीच डोळ्यात जाते. आणि कॉन्टॅक्ट लेन्स बोटाला अडवत नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, "अरे, वेल्डर आ गया!" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी गॉगल पिशवीत राहिला. तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही. मग परीक्षा, प्लेसमेंट, नोकरी. आईला सांगितलं अभ्यास आहे. तिला ते पटलं नव्हतं. शिकागो बुल्सचा होरेस ग्रँट गॉगल लावायचा आणि लेझरनं नजर सुधारल्यावरही त्यानं तो काढला नाही, कारण गॉगल लावणारी लहान मुलं त्याच्याकडे बघत होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी टिकलो असतो असं नाही. विसाव्या वर्षी माणूस डोळ्यापेक्षा चेहऱ्याला जपतो.

आता भाची. माझ्या ताईची मुलगी कटंगीत बीएस्सीला आहे आणि त्याच कोर्टावर खेळते. आता नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली आहे, पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार होती. मुली खेळतात हे गावालाही सवयीचं होतंय. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी तक्ता छापून नेला. भाची म्हणाली, "मामा, लोकं सुट्टीत मिठाई आणतात."

मी तिला सांगितलं, शाळेची तपासणी आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे, त्यात शाळेतल्या मुलांचे डोळे तपासतात, चष्मे देतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो अठरा वर्षांपर्यंत. अठरा पूर्ण झाले, कॉलेजात गेलं, की तू कुणाच्याच यादीत नाहीस. आणि संघात घेताना उंची मोजतात, पळवून बघतात, डोळे कुणी बघत नाही.

टेपनं सहा मीटर मोजले, तक्ता व्हरांड्याच्या भिंतीवर लावला. एकेकाला आत बोलवायचं, बाकीचे बाहेर, ऐकू येणार नाही इतके लांब. डोळा बोटांनी नाही, पुठ्ठ्याच्या तुकड्यानं झाकायचा. उजवा आणि डावा वेगळा, आणि दुसऱ्या डोळ्याला वेगळा तक्ता, म्हणजे पाठांतर चालत नाही. मोबाइलवरही हे करता येतं. केनियात नाकुरू भागात तपासलेलं पीक अ‍ॅक्युइटी नावाचं अ‍ॅप आहे. पण कागद मला बरा वाटला.

मुलं हसत-खिदळत येत होती. संघातला एक पॉइंट गार्ड आला, हात भलताच चपळ. उजव्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पुठ्ठा बदलला. तो थांबला. पुठ्ठा काढून तक्त्याकडे पाहिलं, परत झाकला.

"मामा, ये वाला चार्ट धुंधला छपा है."

मला काही बोलता येईना. त्याला पुठ्ठ्याला पाडलेल्या टाचणीच्या छिद्रातून बघायला सांगितलं. छिद्रातून चार ओळी आल्या. हे चांगलं लक्षण असतं. छिद्रातून नजर सुधारली तर दोष बहुधा नंबरचा असतो आणि चष्म्यानं भागू शकतं. माझं तसं नव्हतं. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "एक डोळ्यानं तर दिसते नं? मग खेळणं बंद करतो याचं." मी म्हटलं, काका, खेळ बंद करू नका, डोळा दाखवा. डॉक्टरांकडे जाताना बाहुली मोठी करणारे थेंब टाकून मागचा पडदाही बघायला सांगा, कारण लांबचा मोठा नंबर असेल तर पडदा पातळ असतो आणि त्याच डोळ्याला कोपर लागला तर तो फाटू शकतो.

एक मुलगा फार उंच होता, बोटं लांबसडक. त्याची नजर ठीक होती, तरी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. कारण आयझाया ऑस्टिन. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाचा हा सात फुटांवर उंचीचा खेळाडू उजव्या डोळ्यानं आंधळा होता. पडदा सुटून दृष्टी गेलेली, तिथे कृत्रिम डोळा. २०१४ मध्ये एनबीएच्या निवडीच्या काही दिवस आधी वैद्यकीय चाचणीत कळलं की त्याला मार्फान सिंड्रोम आहे. यात शरीराचे बांधणारे धागेच कमजोर असतात. उंची, लांब बोटं ही त्याचीच खूण, आणि धोका हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला. अर्ध्याहून जास्त रुग्णांच्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलेलं असतं, त्यामुळे कधी कधी हा आजार आधी नेत्रतज्ज्ञाला दिसतो. आमच्या उंच मुलाला असं काही निघालं नाही. तो नुसता उंच आहे.

पॉइंट गार्डला चष्मा लागला. पडदा शाबूत आहे. नंबर घातलेला गॉगल मी नागपूरहून मागवून दिला, त्याच्या बुटांपेक्षा स्वस्त पडला. भाचीसाठीही साधा घेतला. तिनं "बघू" म्हटलं आहे.

परवा तिनं व्हिडिओ पाठवला, संध्याकाळचा सराव, तीच झुकलेली रिंग. तो ड्रिबल करत दोघांना चुकवून आत शिरला आणि डाव्या हातानं बास्केट केलं. मी थांबवून, मोठं करून पाहिलं. गॉगल होता, पण कपाळावर चढवलेला. लगेच फोन लावला.